बर्फाच्या कारखान्यातली हाळी

हर्षलाताई. ज्यांच्यामुळे मी आज चार ओळी नीट लिहू शकतो त्यांत हे नाव पहिलं, आणि ते मनात आलं की मला बर्फाची लादी आठवते. साच्यातून नुकती निघालेली लादी वैशाखाच्या हवेत आली की तिच्या पोटातून एक भेग कडाडत धावते. लादी दुभंगत नाही, जागची हलतही नाही. फक्त आत काहीतरी मोडल्याचा आवाज येतो आणि त्या काचेसारख्या देहात गोठलेल्या विजेसारखी एक पांढरी रेघ उरते. ताईचा वरचा सूर असा होता. तो गोड नव्हता. ऐकणाऱ्याच्या आत तो एक रेघ ओढून जाई, आणि ती रेघ पुन्हा विरघळत नसे.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते रक्तात. तलासरीकडच्या आमच्या आदिवासी पाड्यावरची पोरं मिळून आम्ही बेंजो पार्टी चालवायचो. लग्नसराईत गावोगाव वाजवायचं, मी कॅसिओवर. कॉलेजचं शेवटचं वर्ष मी अर्ध्यावर टाकलं होतं आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नव्हतं, कारण आमच्या घरात तिथवर पोचलेलंच कोणी नव्हतं. नरपडला एका हळदीत नाचणाऱ्या दोन टोळक्यांत जुंपली. खुर्च्या उडाल्या, सोड्याची बाटली आमच्या ढोलवाल्याच्या कपाळावर फुटली, आणि आमचा मालक ओरडत होता, "वाजवत राहा ने! थांबलात तर आपल्यालाच धरतील!" मी वाजवत राहिलो. हळदीने माखलेली एक उंच मुलगी त्या हाणामारीतून वाकून आली, ढोलवाल्याच्या कपाळावर तिने ओढणी दाबून धरली, आणि मान वर न करता मला म्हणाली, "तुझी पट्टी सुटली. घाबरलास की तुझी बोटं एक घर खाली सरकतात."

"मॅडम, इथे डोकी फुटतायत."

"फुटू देत. तू वरच्या घरात जा."

मी गेलो. खात्री पटावी म्हणून तिने त्या घरातला सूर एकदाच, उघड्या गळ्याने लावून दाखवला. स्पीकर, शिव्या, बायकांचा आकांत या सगळ्याच्या डोक्यावरून तो मला स्पष्ट ऐकू आला. जमावाच्या वरून एखादी घार सरळ जावी, पंख न हलवता, तसा. भांडणारेही क्षणभर वर बघू लागले. निघताना ती म्हणाली, "रविवारी इथल्या बर्फाच्या कारखान्यात ये. कॅसिओ घेऊन. मॅडम नको म्हणू, मी डहाणूच्या दवाखान्यात सुया टोचते."

ती नर्स होती, आणि ती सोप्रानो होत होती. 'होत होती' असंच म्हणायला हवं, कारण ही विद्या कोणाला एकदम येत नाही. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक; त्यातला स्त्रीचा सर्वांत उंच आवाज म्हणजे सोप्रानो. समोर भरलेला वाद्यवृंद आणि हातात माइक नाही, अशा स्थितीत त्या आवाजाने शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत शिरायचं असतं. मुंबईत नर्सिंग शिकताना वसतिगृहाशेजारच्या सभागृहात ती वृंदगानाला जाऊ लागली. तिथे एका वृद्ध गायिकेने तिला बाजूला काढलं. त्यांना ताई नुसतं 'बाई' म्हणे. या बाई फार निष्ठुर. ताई गात असताना त्या तिच्या पोटात मूठ रोवत आणि म्हणत, मला बाहेर ढकल, सुराने ढकल. त्यांच्याकडे आलेल्या कितीतरी मुली रडत परत गेल्या, काहींनी लवकर मोठ्या भूमिका घेतल्या आणि तिशीआधीच गळे फाडून घेतले. ताई टिकली. घरी ती जमिनीवर उताणी पडे, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्यांची पिशवी पोटावर ठेवी, आणि त्या भाराखाली श्वास असा उचले की पिशवी भरतीच्या होडीसारखी सावकाश वर येई. बाईंचं एकच वाक्य तिने मला अनेकदा सांगितलं: "गायला मी शिकवीन, मरायचं मात्र तुझं तू शिक."

कारण या नाटकांतल्या बायका मरतात. विष घेतात, क्षयाने झिजतात, पुष्कळदा ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्याच सुऱ्याने मरतात, आणि मरताना गातात. ताई जी भूमिका बसवत होती तीत प्रियकर नायिकेला भोसकतो आणि त्या क्षणी एक उंच सूर आहे, जवळजवळ किंकाळी, दीर्घ धरलेला आणि मग तुटणारा. तो लावून कोसळायचं. फरशीवर कोसळून तिचे गुडघे आणि कोपरं कायम काळीनिळी असत. दवाखान्यातल्या बाकीच्या नर्स म्हणत, "हर्षला, नवरा नाही तर एवढा मार कोणाचा खातेस गं?" ती म्हणे, "इटलीचा आहे. तुम्ही नाही ओळखत."

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या सुरूच्या झाडांखाली ओढून ताडपत्रीने झाकलेल्या असतात, आणि मासळी नाही म्हणून बर्फाचा कारखानाही बंद असतो; एरवी तो फक्त रविवारी थांबे. ताईचे वडील त्या कारखान्यात मशीनवर होते. आयुष्यभर कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. मुलीचं गाणं त्यांनी कधी ऐकलं नाही, पण चावी त्यांनीच दिली. आत अमोनियाचा जुना, नाकाला डसणारा वास, उंच छत, ओलसर भिंती, बर्फ फोडायच्या टोच्यांनी खड्डे पडलेली फरशी. त्या रिकाम्या थंड पोकळीत सूर लावला की भिंती तो लगेच सोडत नसत. थोडा वेळ धरून ठेवत, मग परत करत. उजेड फक्त छताजवळच्या झरोक्यांतून येई, आणि त्या तिरप्या उजेडात उभी राहून ताई दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवी. तिच्या सगळ्या हालचालींत ही एक माझ्या डोळ्यांत कायमची राहिली आहे. स्वतःच्याच घराच्या भिंती शाबूत आहेत ना, हे रोज चाचपून बघणाऱ्या माणसासारखी ती दिसे.

तिथेच तिने फरशीवर खडूने पाच ओळी काढून मला स्वरलिपी शिकवली, आणि तिथेच माझी पदवीही पुरी करून घेतली. मी परीक्षा सोडली आहे हे कळल्यावर ती सराव अर्ध्यात थांबवून म्हणाली, "अर्ध्यात सोडायची सवय असलेल्या माणसाच्या भरवशावर मी वरचा सूर कसा लावू, दिनेश? मी वर गेले आणि तू खालून निघून गेलास तर?" त्या दिवसापासून दोन आलापांच्या मध्ये मी इतिहासाचे प्रश्न मोठ्याने वाचायचे आणि तिने चुका काढायच्या असं सुरू झालं. चुकलो की पोटावरची शिशाची पिशवी माझ्या दिशेने येई.

आता किनाऱ्यावरची एक रीत सांगितली पाहिजे. होडी संकटात दिसली की जी बाई आधी बघेल ती हाळी देते; शब्द नसलेली, एका श्वासात ताणेल तितकी उंच. ती ऐकून पुढच्या घरातली बाई ती उचलते, मग त्यापुढची. पुरुष हातातलं टाकून धावतात; होडी कोणाची हे धावून झाल्यावर विचारायचं. पण बंदीच्या दिवसांत पाण्यात एकही होडी नसते. तेव्हा हाळी आली तर तिचा एकच अर्थ उरतो: जमिनीवर कोणीतरी एखाद्या बाईचा जीव घेतोय.

आषाढातली ती दुपार. समुद्र काळा पडून किनाऱ्यावर डोकं आपटत होता. परदेशातल्या एका नाट्यगृहाकडून तरुण गायकांना शिकायला बोलावतात, त्याची निवड मुंबईत तीन आठवड्यांवर आली होती. तिथे वयाची अट असते आणि ताईच्या हाती फार वर्षं नव्हती. आम्ही दार आतून लावून घेतलं होतं, कारण उघड्या दारातून सूर निघून जातो, भिंतीवरून परत येत नाही. तो मात्र वरच्या झरोक्यांतून किनाऱ्याकडे जात होता, हे आमच्या ध्यानात आलं नाही. इतके दिवस ती तो शेवटचा सूर अर्ध्या आवाजात घेत असे. त्या दिवशी तिने तो पुरा लावला, आणि कोसळली. उठली, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी बाहेरून कोणा बाईने तो उचलला. मग दुसरीने. ताई पडल्या जागीच राहिली; मी तिला उठवायला वाकलो. "दिनेश, ही हाळी आहे," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दार कडीसकट आत आलं.

वल्ही, बांबू, एकाच्या हातात बर्फाचा टोचा. सर्वांत पुढे ताईचे सख्खे काका, जनाकाका. त्यांनी फरशीवर पडलेली पुतणी पाहिली, तिच्यावर वाकलेला परका पोर पाहिला, आणि वल्हं फिरवलं. ते माझ्या खांद्यावर बसलं. मी भिंतीवर आदळलो. मागून आणखी बांबू आले, पाठीवर, मांडीवर. माझ्या तोंडात स्वतःच्याच दातांनी तोडलेल्या जिभेचं रक्त आलं.

"काका, मी गात होते!" ताई ओरडली. "गात होते मी! मला कोणी काही केलं नाही!"

सगळे थांबले. पागोळ्यांचा आवाज तेवढा राहिला. जनाकाकांनी कॅसिओकडे पाहिलं, खडूच्या पाच ओळींकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर तुटलेल्या कडीवर जाऊन थांबली.

"गात होतीस," ते म्हणाले. "याच्यासंगती. कडी लावून."

"काका, आवाज घुमावा म्हणून..."

"पाड्यावरचा बेंजोवाला. आणि कडी लावून."

पहिला फटका चुकून होता. दुसरा नव्हता. मी आधारासाठी कॅसिओवर हात टेकला होता. वल्हं त्या हातावर येत होतं. ताई कॅसिओवर आडवी झाली. तिच्या कुशीत जो आवाज झाला तो मी ओळखत होतो. लादीच्या पोटातून धावणाऱ्या भेगेचा तो आवाज होता. तिच्या अंगाखाली खालच्या पट्ट्या दाबल्या गेल्या आणि एक बेसूर हुंकार त्या उंच छताखाली चालूच राहिला, कोणीतरी वायर ओढेपर्यंत. ताईचं तोंड उघडं होतं, बाईंनी शिकवलं होतं तसं, पूर्ण गोल. त्यातून काहीही आलं नाही. ज्या सुरासाठी ती वर्षभर फरशीवर कोसळत होती, तो सूर खरा घाव बसला तेव्हा आलाच नाही.

थोड्या वेळाने तिने स्वतःच कुशीवरून बोटं फिरवली आणि रुग्णाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "दोन बरगड्या गेल्यात. मला उठवताना काखेत धरू नका." दवाखान्यात विचारलं तेव्हा तिने सांगितलं, पडले. मी पोलिसात जाऊ म्हणालो. तिला बोलायलाही श्वास पुरत नव्हता. "तुझे पेपर आहेत. चौकीत बसणार की पेपर लिहिणार? काकांचं मी बघेन. माझ्या रागाला मुदत नाही." माझा उजवा हात शाबूत होता. त्याच हाताने मी त्या वर्षी पदवीचे पेपर लिहिले, आणि प्रत्येक उत्तराच्या खाली मला तो हुंकार ऐकू येत होता.

बरगडी मोडलेल्या माणसाने खोल श्वास घ्यायचा नसतो, आणि सोप्रानोने उथळ श्वास घ्यायचा नसतो. या दोन्हींच्या मधून ताई मुंबईला गेली. मी बंद दाराबाहेर बाकावर बसलो. जिथे एक श्वास घ्यायचा तिथे तिने तीन घेतले, पण असे की नाटकातल्या त्या घाबरलेल्या बाईलाच धाप लागली आहे असं वाटावं. मग तो क्षण आला. पियानो थांबला. सूर आला नाही. आत अशी शांतता पसरली की बाहेर बाकावर माझ्या कुशीत कळ गेली. नंतर, फार नंतर, तिने पुढची मंद ओळ धरली आणि ती शेवटपर्यंत नेली.

पुढचं ताईने मला नंतर सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, तो स्वर कुठे गेला? ती म्हणाली, "ज्या बाईला खरंच भोसकलंय ती ओरडत नाही. मला माहीत आहे." त्यांनी तिला पाणी दिलं, आदराने बोलले, आणि नाकारलं. स्वर घेऊन पुढच्या वर्षी या, म्हणाले. तिच्या वयाला ते पुढचं वर्ष शेवटचं होतं.

त्या वर्षाचं वर्णन मला करता येत नाही. फक्त आवाज सांगता येतात. शिशाची पिशवी पोटावर चढवताना दातांतून निघालेला सुस्कारा. पहिल्या खोल श्वासाबरोबर आलेली शिवी. पडणं, उठणं, पडणं. कारखान्याचं दार आता सताड उघडं असे. तिने नवी कडी बसवू दिली नाही. बायका निवडायची सुकट सुपात घेऊन उंबऱ्याशी बसत आणि आत डोकावत.

"आज कोण मेलं गं हर्षला?"

"मीच, मावशी."

"विष की सुरा?"

"सुरा."

"मग जरा नीट मर. काल पोरगं दचकून उठलं माझं."

जनाकाका मात्र तिचा सूर सुरू झाला की जाळं खांद्यावर टाकून किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला जात. शेजारच्याच घरात राहूनही त्यांनी तो कधी गाणं म्हणून ऐकला नाही. ते तिच्याशी बोलले नाहीत, ती त्यांच्याशी बोलली नाही. क्षमा कोणी मागितली नाही, आणि कोणी दिली नाही. पुढच्या वर्षी तो सूर तिने पुरा लावला, आणि ती परदेशी शिकायला गेली. मी आता एका शाळेत इतिहास शिकवतो. वर्गात दार लावत नाही. गेल्या आठवड्यात तिला मी जे पत्र पाठवलं ते इथे देतो. याहून नीट मला तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही.

*

प्रिय हर्षलाताई,

तुझ्या पहिल्या मोठ्या भूमिकेचं ध्वनिमुद्रण मिळालं. मोबाइलवर ऐकणं मला बरं वाटेना, म्हणून बेंजो पार्टीचे जुने स्पीकर टेम्पोत घालून नरपडला आणले. बंदी चालू आहे, कारखाना रिकामा. तुझ्या बाबांनी चावी दिली आणि स्वतःही आले. दार उघडंच ठेवलं.

बाबा स्पीकरला लागून बसले आणि त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. वाद्यवृंदात तुझा आवाज आला तेव्हा त्यांनी मला खूण केली, ही ना? तू गात होतीस तोवर त्यांचा हात तिथून हलला नाही. ताई, बाबांनी तुला पहिल्यांदाच ऐकलं.

मग तो सूर आला. पुरा, तुटेपर्यंत. चटका बसावा तसा बाबांनी हात उचलला आणि पुन्हा ठेवला. आणि दारात धावत आलेली पावलं वाजली. जनाकाका होते. तू हजारो मैलांवर आहेस हे त्यांना ठाऊक आहे. पण ते त्यांच्या पायांना ठाऊक नव्हतं. धापा टाकत होते. हातात वल्हं होतं. ते आत बघत राहिले, तू जिथे कोसळायचीस त्या फरशीकडे, आणि म्हणाले,

"कोण मारतंय तिला?"

बाबांना ऐकू आलं नाही. मला आलं. ते वल्हं घेऊन तसेच उभे राहिले, आणि तू तुझी शेवटची मंद ओळ म्हणत होतीस.

तुला जाऊन किती काळ लोटला हे मला आता महिन्यांनी मोजता येत नाही. ओळ संपल्यावर कारखान्याच्या भिंतींनी तुझा आवाज थोडा वेळ धरून ठेवला आणि मग सोडला. तेवढाच काळ लोटला असावा.

तुझा,
दिनेश